सात टाके

टाके सात होते. दोन टाक्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं, तीन मिलिमीटरच्या आसपास. दोरा सुती आणि दुहेरी होता. रंग सायीचा, म्हणजे चिंधीच्या पोटाकडच्या केसांना जुळणारा. शेवटच्या टाक्यानंतर दोरा आत वळवून गाठ लपवली होती. कडेची कातडी लाल झाली होती आणि पहिल्या दोन टाक्यांच्या मधून पिवळसर पाणी येत होतं.

चिंधी ही बाबांची कुत्री. वजन चार किलो दोनशे ग्रॅम, वय सहा वर्षं. आणली तेव्हा ती त्यांच्या शिलाई मशीनखाली पडलेल्या तुकड्यांमध्ये शिरून झोपायची आणि शोधून सापडायची नाही, म्हणून हे नाव. बाबांनी बेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं. आई गेली तसं त्यांनी दुकान सोडलं, मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं, आणि त्या दोन खोल्यांत ते आणि चिंधी असे दोघंच उरले.

मी दर रविवारी सकाळी यायचे. चिंधीला अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची. निदान बाबांना येण्याचं कारण तेवढंच माहीत होतं. प्रत्यक्षात पाच महिने मी त्यांना एक गोष्ट सांगायला येत होते आणि न सांगता परत जात होते. दादाने गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात त्यांचं नाव घातलं होतं. स्वच्छ जागा, रात्रंदिवस माणूस हजर, जिन्याला कठडे, गॅसला हात लावायची वेळ नाही. कुत्री मात्र चालत नाहीत. तिथली एक खोली रिकामी झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. दादा लांब राहतो. सांगायचं काम त्याने माझ्यावर टाकलं होतं, कारण बाबा माझं ऐकतात, असं त्याचं म्हणणं.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एका आकड्यावर कोणी विसंबत नाही. पुन्हा नमुना घ्या, पुन्हा तपासा. गॅस चालू राहिला, तेव्हा मी म्हटलं, कोणाचाही राहतो. बाबा जुन्या दुकानासमोर तासभर किल्ली घेऊन उभे होते, तेव्हा म्हटलं, सवयीने पाय वळले असतील. तिथे आता चपलांचं दुकान आहे. त्या दुकानदारानेच मला फोन केला होता. दादाला हे कळवलं की तो विचारायचा, "अजून किती रीडिंग घेणार आहेस?" मी म्हणायचे, पुढच्या रविवारी बोलते.

चिंधी हात लावू देणाऱ्यातली नव्हती. उचलली की माशासारखी वळवळायची. मागचे पाय माझ्या पोटावर रोवून ती स्वतःला वर ढकलायची, आणि टेबलावरून उडी मारली तर तिच्या काडीसारख्या पायाचं हाड मोडायला फार वेळ लागला नसता. म्हणून मी एक पद्धत बसवली होती. टेबलावर रबरी चटई, तिच्यावर ओला टॉवेल, म्हणजे पाय घसरत नाहीत. डावा हात छातीखाली, सतत. विंचरायचं ते केसांच्या टोकाकडून मुळाकडे. नखं काळी, आतली शीर दिसत नाही, म्हणून एका वेळी मिलिमीटरभर कापायचं आणि मध्ये काळा ठिपका दिसला की थांबायचं. दहा मिनिटं काम, मग बिस्किटाचा तुकडा, मग पुन्हा दहा मिनिटं. बाबा खुर्चीत बसून बघायचे आणि म्हणायचे, एवढ्या वेळात मी नवरदेवाचा सूट शिवून दिला असता, आणि नवरदेव चावलाही नसता.

बगलेत केसांचा गुंता व्हायचा. तो सुटला नाही तर कापावा लागतो, आणि त्याचा एक नियम मी बाबांना तीनदा समजावला होता: कातडी आणि गुंता यांच्या मध्ये आधी कंगवा आडवा सरकवायचा, कात्री कंगव्याच्या वरून चालवायची. कुत्र्याची कातडी सैल असते. गुंता ओढला की तीही वर येते, आणि वरून बघणाऱ्याला दिसतात ते फक्त केस.

त्या रविवारी मी चिंधीला टेबलावर ठेवलं आणि ती वळवळली नाही. चारही पाय टेकवून उभी राहिली, मान खाली, नजर भिंतीकडे. आधी मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मग छातीखालच्या हाताला तिचं हृदय लागलं. ते इतकं जोरात पळत होतं की मला ठोके मोजता येईनात. तोंडाभोवतीचे केस एका पट्ट्यात चपटे झाले होते, पट्टा दीड सेंटिमीटर रुंद. मापाची टेप तेवढीच रुंद असते. मी तिचा पुढचा पाय उचलला तेव्हा टाके दिसले.

मी बाबांना हाक मारली. ते चष्मा लावून आले, वाकले आणि शिवणीवरून अंगठा फिरवला, कापड तपासतात तसा. चिंधी हलली नाही.

"उसवलं होतं," ते म्हणाले. "बगलेतच उसवतं नेहमी, ताण येतो तिथे. घातले टाके."

मी विचारत गेले आणि ते सांगत गेले, काही लपवायचं असल्यासारखं नाही. परवा की तेरवा गुंता हाताला लागला. त्यांनी तो चिमटीत धरला, ओढला आणि खालून कापला. बेचाळीस वर्षं जास्तीचं कापड ते असंच काढत आले होते. कात्री दहा इंची, धारेला कधी कमी पडू न दिलेली. मी कंगव्याचं विचारलं तर ते हसले. कापडाला कधी कोणी कंगवा लावतं का, म्हणाले. ते गंमत करत होते की नव्हते, हे मला ठरवता आलं नाही. टाके घालताना चिंधी गप्प राहिली का, हेही विचारलं. बांधून ठेवली होती, ते म्हणाले, आणि नंतर दिवसभर मांडीवर घेऊन बसलो होतो, उतरायलाच तयार नव्हती.

मी तिला टॉवेलात गुंडाळून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती रडली नाही, मुतली मात्र. ते माझ्या शर्टाला कळलं आणि टॉवेलाला.

डॉक्टर उंच आणि वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी दिव्याखाली टाके पाहिले. मग विचारलं की हे कोणी घातले. मी म्हटलं, घरीच झालं. हात चांगला आहे, ते म्हणाले, पण सुई उकळलेली नव्हती आणि आत केस राहिले आहेत. टाके काढून जखम उघडावी लागेल, पू धुवून काढावा लागेल, संध्याकाळपर्यंत ठेवून जा. जखम भरेल असंही म्हणाले. त्यांना चिंता वेगळीच वाटत होती. त्यांनी चिंधीची बगल दाबली, जखमेच्या अगदी कडेला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हिने आत्ता मला चावायला हवं होतं," ते म्हणाले. "चावणारा कुत्रा परवडतो. हिच्यासोबत आता कोणी काहीही करील आणि घरात आवाज येणार नाही. ज्याने हे केलं त्याच्याजवळ हिला ठेवू नका."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी दादाला फोन लावला आणि जे पाहिलं ते क्रमाने सांगितलं. तो माझ्यावर ओरडायला हवा होता, पण ओरडला नाही. आज बोलशील ना, एवढंच विचारलं, आणि मी हो म्हटलं. ते हो मी याआधीही म्हटलं होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

घरी आले तेव्हा बाबा मशीनपाशी बसून तेलाच्या फडक्याने कात्री पुसत होते. चहा त्यांनी दोन कपांत ओतून ठेवला होता, दोन्हींवर साय धरली होती. कप उचलताना त्यांचा हात आताशा थरथरतो, बशीत चहा सांडतो. कात्री पुसताना तो थरथरत नव्हता. चिंधी कुठे, त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलंय, मी सांगितलं.

"मग त्याला सांगायचं होतंस, दुसरी बाजू राहिलीय."

"कसली दुसरी बाजू, बाबा?"

"एक बगल आत घेतली, दुसरी नको घ्यायला? वाकडं बसेल अंगावर."

इथेच मी बोलायला हवं होतं. शब्द मी जिन्यात दोनदा जुळवले होते. पण माझ्यातली ती जुनी खोड मध्ये आली. वाटलं, एकदा नीट बघून घ्यावं. कदाचित ते कोट वगैरे कशाबद्दल बोलत असतील, कदाचित चिंधीबद्दल नाहीच. मी म्हटलं, दाखवा बरं, कसं धरलं होतं.

ते उठले. माझा डावा हात कोपरापाशी धरून त्यांनी बाजूला उचलला. बगलेखालचा शर्ट चिमटीत घेतला आणि ओढला. चिमटीत शर्टाबरोबर मीही आले होते. दुखलं. कात्रीचं खालचं पातं माझ्या दंडाच्या आतल्या बाजूला टेकलं, गार आणि सपाट.

"बाई, हलू नका," बाबा म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हाला उशीर नाही करत."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी दुकानात पडद्यामागे बसून मी अभ्यास करायचे तेव्हा तो पलीकडून यायचा, नेहमी दुसऱ्या कोणासाठी. मला बाबांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं. चिडून नाही, गमतीनेसुद्धा नाही. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे गोंधळ नव्हता, भीती नव्हती. गिऱ्हाइकाशी असते तेवढी अदब होती आणि कामावर लक्ष होतं.

मी हलले नाही. भिंतीकडे बघत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मी मोजलं नाही.

मग उजवा हात सावकाश पुढे नेऊन मी त्यांच्या बोटांवर ठेवला. ओढलं नाही. म्हटलं, राहू द्या मास्तर, असंच बरं आहे. ते थांबले. मापात काही चुकलं का, त्यांनी विचारलं, थोडं ओशाळून. मी नाही म्हटलं. त्यांनी चिमटी सोडली आणि कात्री माझ्या हातात दिली, पाती स्वतःकडे आणि मूठ माझ्याकडे करून, जशी द्यायची असते तशी. मी ती माझ्या पिशवीत ठेवली. ते खुर्चीत बसले आणि चहाच्या कपातली साय बोटाने बाजूला करू लागले. दोनतीन घोट घेऊन झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, तू कधी आलीस?"

"सकाळीच आले, बाबा." मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "मला तुम्हाला काही सांगायचंय. एक तारखेला तुम्ही आश्रमात राहायला जाताय. चिंधीला तिथे घेत नाहीत, ती माझ्याकडे राहील, आणि आज संध्याकाळपासूनच राहील. हे दादाने नाही ठरवलेलं. मी ठरवलंय."