शुक्रवारचा पट्टा

मार्लाने डॉक्टर व्होबोरिल यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. शुक्रवारी शेवटचा पेशंट गेला की दोघं एकमेकांचं ब्लडप्रेशर बघत. आधी त्यांचं, मग तिचं. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात हा एकच दवाखाना, त्यात एक डॉक्टर आणि एक नर्स. दुसरं कोण बघणार?

"वाढलंय," ती म्हणाली. "झेलेनीबाईने आणलेल्या त्या जॅमच्या गोड कोलाची किती हाणल्यात?"

"दोनच. नको म्हटलं असतं तर झेलेनीबाईचं प्रेशर वाढलं असतं." डॉक्टरांनी बाही खाली केली. "मग, ठरलं का तुझं?"

"नाही."

"अगं, त्यात ठरवायचंय काय? नर्स प्रॅक्टिशनर हो. शिकायचं घरी बसून, नोकरी इथली इथेच. तोवर मी कसाबसा तग धरतो. मग दवाखाना तुझा. तूच तपासायचं, तूच औषध लिहायचं, वर विचारणारा कुणी नाही. आणि फिजिशियन असिस्टंट व्हायचं तर सगळं सोडून ओमाहाला जा, नि पुढे कायम कुणा डॉक्टरच्या जोडीने काम कर. इथे दाराला कुलूप. झेलेनीबाईने खोकल्यासाठी सत्तर मैल गाडी हाकायची."

सगळं खरं होतं. दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाने तिला ते ऐकवलं होतं. संध्याकाळी घरी जाऊन तू कुणाशी बोलतेस, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. नवरा गेल्यापासून ती टीव्ही लावून जेवायची. आता त्याच टेबलावर लॅपटॉप येणार होता. ओमाहाच्या वर्गात चाळीस जण असतात, असं तिने वाचलं होतं. ते चाळीस जण काही केल्या तिच्या डोक्यातून जात नव्हते.

डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. त्यांची बोटं गार होती. मार्ला दिवसभर लोकांना हात लावायची. तिला आठवड्यात कुणाचा हात लागायचा तो एवढाच.

"डॉक्टर, मी यायच्या आधी तुमचं कोण बघायचं?"

"मीच."

"एका हाताने?"

ते हसले. तिचा पट्टा सोडून त्यांनी स्वतःच्या दंडात चढवला, टोक दातात धरून खसकन ओढलं, स्टेथोस्कोप खाली खोचला आणि फुगा दाबू लागले. कुठेही अडखळले नाहीत.

"सवय होते," ते म्हणाले. "तुलाही होईल."

मार्ला पट्ट्याच्या टोकाकडे बघत राहिली. तिथे जुन्या बारीक खुणा होत्या. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की ते उंदरांनी कुरतडलंय.

"मी ओमाहाला जाते, डॉक्टर."

पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत राहिली. मग डॉक्टरांनी पट्टा काढला, टोक अंगठ्याने पुसलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"तुझं राहिलंय," ते म्हणाले. "हात दे."