चार टाके आणि आतली गळती

पोटात हात न घालता पोटातली वस्तू बाहेर काढतात तरी कशी, याचं थोरल्या जावेला भारी कुतूहल. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून, चार बारीकशा छेदांतून, खड्यांसकट अख्खं पित्ताशय काढून टाकलं. घरी आल्या आल्या थोरली आरशापुढे उभी राहिली आणि भिंग घेऊन आपलेच टाके तपासू लागली.

"बघ गं, बघ," तिने धाकट्या जावेला हाक मारली. "काय हात आहे बाईचा! कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. आपल्या दुकानात अशी शिवण कुणाची पडत नाही."

"दुकानात आहोत आपण दोघीच. म्हणजे हा टोमणा मलाच," धाकटी म्हणाली.

घराच्या पुढच्या खोलीत दोघींचं शिवणाचं दुकान. थोरलीने कापायचं, शिवायचं. धाकटीने मापं घ्यायची, काज-बटणं करायची. गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी थोरली प्रत्येक कपडा उलटा करी, आतली शिवण बोटाने चाचपून बघी. दोरा जरासा सैल लागला, की सगळी बाही उसवून ठेवी.

दवाखान्यातून निघताना नर्सने सांगितलं होतं, "ऑपरेशनला पोटात गॅस भरतात. त्याने खांदा दुखतो, मग आपोआप थांबतो." तसंच झालं. खांदा दुखला, थांबला. थोरली उठबस करू लागली, मशीनच्या चाकावरून मायेने हात फिरवू लागली.

आणि मग एका सकाळी तोच उजवा खांदा पुन्हा ठणकू लागला. पोट तट्ट झालं. जेवण नको वाटू लागलं, संध्याकाळी थंडी वाजून अंगावर काटा येऊ लागला.

"गॅस आहे," थोरली म्हणाली.

"आला होता, गेला होता. मग माहेरी जाऊन परत आला काय तुमचा गॅस?"

"टाके बघ आधी. लाल नाहीत, ओले नाहीत. ज्याची शिवण धड, त्याला काय धाड भरलीय?"

धाकटीने टाके पाहिले. खरंच सुरेख होते. तिला काही सुचेना, तेव्हा तिने गळ्यातली टेप काढली आणि थोरलीच्या कमरेला लावली. जावेचं माप तिला तोंडपाठ होतं. संध्याकाळी पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"जाऊबाई, घासभर पेज पोटात नाही, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत, आणि कंबर वाढतेय. हे कुठलं माप?"

थोरलीने बांगड्या पुन्हा मनगटावर ओढल्या.

"दुसऱ्याचा साधा झगा तुम्ही उलटा करून बघता. आणि स्वतःचं पोट तेवढं सुलट बाजूनेच बघायचं?"

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "परत गेले तर आता मोठा छेद घेतील गं. अख्खं पोट उघडतील. तेवढं मला सोसायचं नाही. म्हणून रोज त्या टाक्यांकडे बघत बसते."

धाकटी तिच्याशी वाद घालत बसली नाही. दारात जाऊन तिने थोरलीच्या नवऱ्याला हाक मारली, "भावजी, गाडी काढा! आत्ता!"

डॉक्टरीणबाईंनी पोट हलक्या हाताने दाबलं, सोनोग्राफी केली, आणि खुर्ची ओढून थोरलीजवळ बसल्या.

"पित्ताशय जिथे जोडलेलं होतं, त्या नळीच्या तोंडाला आम्ही बारीक क्लिपा लावतो. त्यातली एक सैल झालीय असं दिसतंय. पित्त आत पाझरतंय. क्वचित होतं असं. खांदाही त्यामुळेच दुखतोय. तुम्ही आधी यायला हवं होतं."

"म्हणजे शिवण वर नाही, आत सुटली," थोरली पुटपुटली. मग धीर करून विचारलं, "पोट उघडणार?"

"आधी नाही. साठलेलं पित्त बाजूने बारीक नळी घालून पिशवीत काढू. आणि तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत एक छोटी नळी बसवू. सरळ वाट मोकळी मिळाली, की पित्त आडवाटेने गळत नाही. मग ते गळणारं तोंड आपसूक मिटतं. बहुतेकदा मिटतं. नाहीच मिटलं, तर मग बघू."

त्या "बघू"वर थोरली पुढचे सगळे दिवस पडून राहिली. नळी बसली. पित्ताच्या वाटेत औषध सोडून काढलेलं एक्स-रेचं चित्र डॉक्टरीणबाईंनी तिला दाखवलं. पानं झडलेल्या झाडासारख्या पांढऱ्या फांद्या, आणि एका बाजूला, गळतीच्या जागी, धुरासारखा पुसट डाग.

"हे माझ्या आत?" तिने डागावर बोट ठेवलं. "आणि एवढ्याशा डागाने एवढा गोंधळ?"

खाटेला टांगलेल्या पिशवीत हिरवट-पिवळं पित्त उतरत होतं. आधी भराभर, मग रेंगाळत, मग थेंब थेंब. धाकटी येता-जाता पिशवीत डोकावी. टोमणे मारायचं ती विसरूनच गेली होती. एके सकाळी पिशवीत काही उतरलं नाही. दुपारीही नाही. पुन्हा सोनोग्राफी झाली.

डॉक्टरीणबाई कागद हातात घेऊन आल्या. "आत कोरडं आहे. पोट उघडायची गरज नाही."

धाकटी खाटेवर बसली आणि रडू लागली. थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पदराने तिचं नाक पुसलं, आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"आतली ती छोटी नळी कधी काढणार?"

"काही आठवड्यांनी. तशीच, तोंडावाटे."

"तेव्हा मला जागी ठेवाल? मला बघायचंय."

"अहो, तोंडात दुर्बीण असताना बघणार कशा?"

"का?" थोरली म्हणाली. "डोळे तर मोकळेच असतात की!"