लांब टोकाची भुवई

त्या आठ मंगळवारांत रेश्माच्या पोटात जेवढं दुखलं, तेवढं कराडशेजारच्या मलकापुरातल्या तिच्या पार्लरच्या चौदा वर्षांत मिळून दुखलं नसेल. औषधानं बरं होणारं ते दुखणं नव्हतं. त्याचं नाव माया होतं.

माया सतराव्या वर्षी तिच्याकडं कामाला आली, तेव्हा आयब्रोचा दोरा दातात कसा धरायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. रेश्मानं शिकवलं. भुवईचं बाहेरचं टोक जरा लांब काढायचं, म्हणजे डोळा मोठा दिसतो, ही रेश्माची खास खोड. तीसुद्धा पोरीनं उचलली. पुढं मायाचं लग्न झालं, तेही दोन गल्ल्या सोडून. घरातल्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक आरसा मांडून ती बसली. आधी कॉलेजच्या पोरी तिकडं वळल्या, मग नवऱ्या मुली वळायला लागल्या. गिऱ्हाईक काय दावणीला बांधून ठेवायचं असतं का, असं कुणीही म्हणेल. पण ज्याचं जातं त्याच्यासमोर म्हणून बघावं.

म्हणून रेश्मानं ठरवलं, मायाला जमणार नाही असं काहीतरी शिकायचं. सांगलीत एक डॉक्टरीणबाई पार्लरवाल्यांना केमिकल पील शिकवायच्या. चेहऱ्यावर सौम्य ॲसिड लावायचं, मोजून तेवढाच वेळ ठेवायचं, मग ते मारणारं पाणी फिरवून पुसून काढायचं. वरचं पापुद्र्यासारखं कातडं सुटतं आणि वांग, मुरमांचे डाग फिके पडतात. आठ मंगळवार शिकायचं, नवव्या मंगळवारी परीक्षा, आणि चेहरा, म्हणजे पील करून घेणारी बाई, आपणच आणायची. पास झालं की प्रमाणपत्र. नापास झालं की तीन महिन्यांनी पुन्हा, म्हणजे सगळी लग्नसराई संपल्यावर. मलकापुरात हे प्रमाणपत्र कुणाकडंच नव्हतं. रेश्मानं भिंतीवरची जागासुद्धा हेरून ठेवली, दारातून आत येताच दिसेल अशी.

पहिल्या मंगळवारी ती वर्गात शिरली, तर पहिल्या बाकावर माया. वही उघडून बसलेली.

"ताई, तुमीबी?" माया हसून म्हणाली. "बरं झालं. येताजाता सोबत झाली."

सोबत कसली, डोक्याला ताप झाला. डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं की मायाचा हात वर. घरी मोबाइलवर बघून बघून ती सगळं पाठ करून यायची. पाचव्या मंगळवारी बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मायासारखं विचार करून बोला." रेश्माच्या कानशिलात कुणी दिल्यासारखं झालं. जिला दोरा धरायला शिकवला, तिच्यासारखं आता आपण बोलायचं. परतीच्या एसटीत माया बडबडत होती आणि रेश्मा पेठनाक्यापर्यंत डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसली होती.

आठव्या मंगळवारी सगळ्यांनी आपापले चेहरे आणले. रेश्मानं धाकटी जाऊ शिवांजलीला आणलं होतं. गोरीपान, हनुवटीवर मुरमांचे चार डाग. मायानं आणलं सासूला. बनुबाईंचा जन्म कराडच्या मंडईत उन्हात भाजी विकण्यात गेलेला. दोन्ही गालांवर वांगाचे काळे पट्टे. कानामागं थेंबभर ॲसिड लावून सगळ्यांची कातडी तपासून झाली आणि बाईंनी बजावलं, परीक्षेपर्यंत तोंडाला काही करायचं नाही. ब्लीच नाही, दोरा नाही, ऊन नाही. दोरा फिरवलेल्या कातडीवर ॲसिड गेलं की ती भाजते. रेश्मानं हे वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली.

रविवारी दुपारी पार्लरमध्ये कुणी नसताना बनुबाई दारात आल्या. पदर नाकापर्यंत.

"रेश्माताई, एक काम व्हतं. माया कडेगावला नवरीच्या मेकपला गेलीया, तिथनंच परस्पर सांगलीला यील. तिला कळू देऊ नगा."

"काय झालं?"

बनुबाईंनी पदर खाली केला. ओठावर चांगली दाट लव होती, भुवया रानासारख्या माजलेल्या. "परवा धा जणी माजं तोंड बघणार. भिंग लावून. सून म्हनली काय करू नगा. मला तरास नगं म्हणून म्हणत आसंल. पन अशा मिशा घिऊन बसले तर लाज तिचीच जायाची की."

रेश्माला सगळं उमगलं. ओढलेली रेघ तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एवढंच म्हणायचं होतं, मावशी, सून खरं सांगतीया, जावा घरी. जिभेवर आलंही होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरंच आलं. फार काही होणार नाही. जरा लाल होईल, आग होईल, दोन दिवसांत जाईल. माया तेवढी नापास होईल. आणि लग्नसराईचे तीन महिने मलकापुरात प्रमाणपत्र एकच असेल.

"बसा मावशी," ती म्हणाली.

उभ्या जन्मात त्या चेहऱ्याला दोरा लागला नव्हता. बनुबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्या हूं की चूं करत नव्हत्या. मन काळं असलं तरी हात चोख चालत होता, याचं रेश्माला स्वतःलाच नवल वाटलं. ओठ झाला, कपाळ झालं, भुवया झाल्या. बनुबाईंनी आरशात बघितलं आणि ओठावरून बोट फिरवलं.

"माज्या आयवाणी दिसाया लागले," त्या म्हणाल्या.

रेश्मानं पैसे घेतले नाहीत. "कुणी केलं ते सांगू नका, मावशी. फुकट केलं म्हणून उद्या सगळी गल्ली येईल."

"न्हाई सांगत. शप्पत," बनुबाई म्हणाल्या.

मंगळवारी एसटीत रेश्मा, शिवांजली आणि बनुबाई एकत्रच बसल्या, कारण बनुबाईंना सांगलीतली वाट ठाऊक नव्हती. त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी काढली आणि पहिला तुकडा रेश्माला दिला. रेश्मानं खाल्ला. अजूनही सांगता आलं असतं. मायाला एक फोन केला असता तर भागलं असतं. इस्लामपूर आलं, गेलं. रेश्मानं फोन दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा पर्समध्ये टाकला.

परीक्षेला सहा खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. रेश्माची तिसरी, मायाची चौथी. आधी भिंगाच्या दिव्याखाली चेहरा तपासून कागद भरायचा, मग पील. रेश्मानं शिवांजलीचा कागद झरझर भरला. तिला लवकर मोकळं व्हायचं होतं. बघायचं होतं ते शेजारच्या खुर्चीवर होतं. तिनं ब्रशनं ॲसिड लावलं, कपाळ, नाक, गाल, हनुवटी, तीन मिनिटांचा टायमर लावला आणि मान वळवली.

माया अजून भिंगातच बघत होती. बनुबाईंनी डोळे घट्ट मिटले होते.

"आत्या," सासूला ती आत्या म्हणायची, "दोरा कवा फिरवला?"

बनुबाईंनी पदर ओठावर ओढला.

मायानं पुन्हा विचारलं नाही. अंगठा उचलून तिनं सासूच्या डाव्या भुवईवरून हळूच फिरवला, आतून बाहेर, पार टोकापर्यंत. टोकाशी अंगठा थांबला. रेश्माला वाटलं, आता ही मान वर करणार, आता माझ्याकडं बघणार. मायानं मान वर केली नाही. भिंतीकडं तोंड करून तिनं हात वर केला.

"मॅडम, मी आज पील करणार न्हाई."

वर्गात कुजबुज झाली. डॉक्टरीणबाई आल्या, भिंगातून वाकून बघितलं. "परीक्षा आहे तुझी. ठाऊक आहे ना?"

"व्हय. पन ह्येंचा चेहरा आज तयार न्हाई. भाजंल. आठ दिवसांनी घरी करीन."

बाईंनी मायाच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ॲसिड लावणं कुणीही शिकतं. नको म्हणणं आज एकीलाच जमलं. पास."

रेश्माच्या कानात नुसतं घूं घूं व्हायला लागलं. म्हणजे आपण स्वतःच्या हातानं तिला पास केलं. त्या बाईची मिशी काढून दिली, ती मायाला पहिलं आणण्यासाठी. इतकी आग तिच्या अंगात कधी झाली नव्हती. शेजारी टायमर वाजत होता, सगळ्यांचेच वाजत होते. शिवांजली काहीतरी म्हणत होती.

"ताई," मायाचा आवाज आला, "तुमचा येळ कवाचा झाला."

रेश्मा भानावर आली तेव्हा माया खुर्चीशी पोचलीसुद्धा होती आणि ॲसिड मारणारं पाणी शिवांजलीच्या हनुवटीवर फिरवत होती. सव्वा मिनिट जास्त झालं होतं. हनुवटीवर रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. बाई फार काही बोलल्या नाहीत. "डोळे कुठं होते तुमचे?" एवढंच विचारलं आणि कागदावर नापास लिहिलं.

लग्नसराई कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. मायाच्या दारात चपलांना जागा नव्हती. शिवांजलीचा चट्टा काळा पडला, फिका व्हायला अडीच महिने लागले, आणि तेवढे दिवस ती रेश्माशी एका घरात राहून बोलली नाही. ज्यांना ज्यांना तो चट्टा दिसला, त्यांना तो कसा झाला हेही तिनं सांगितलं. फेरपरीक्षेची तारीख आली, पण चेहरा द्यायला कुणी तयार होईना. रेश्मानं मावसबहिणीला विचारलं, दुधवाल्याच्या बायकोला विचारलं. सगळ्यांनी हसून विषय बदलला.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना दुपारी माया पार्लरमध्ये आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. येऊन सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"कानामागं थेंब टाका, ताई. मंगळवारी मी येते तुमच्यासंगं. कपाळावर वांग आलंया मला, मॅडमनी बी बघितलंय."

भिंतीवर हेरून ठेवलेली जागा मायाच्या डोक्यामागंच होती, अजून रिकामी. "बनुमावशींनी सांगितलं तुला?"

"आत्यांनी शप्पत घातलीया सवताला, अजून त्वांड उघडलं न्हाई. मी इचारलंबी न्हाई." मायानं आरशात बघत स्वतःच्या भुवईच्या टोकावर बोट ठेवलं. "ह्यो शेवट असा लांब काढणारे हात कराड-मलकापुरात दोनच. एक माजा. आन त्या दिशी मी कडेगावात व्हते."

रेश्मा खाली वाकून दोऱ्याचं रीळ गुंडाळायला लागली. माफी मागावी असं तिला मनापासून वाटलं. पण मान वर केली तर समोर मायाचा चेहरा, कपाळावर वांग असूनही घासूनपुसून ठेवल्यासारखा, आणि एवढं सगळं होऊनही पोटात ते जुनं दुखणं उठलंच.

"मग कशाला आलीस?" ती म्हणाली. "भाजलं म्हंजे?"

"न्हाई भाजायचं. तुमचा हात लय चांगला हाय, ताई. डोळं तेवढं दुसरीकडं असत्यात." मायानं मान मागं टेकली आणि केस कानामागून बाजूला केले. "माज्या तोंडावर काम असलं की ते कुठं जायाचं न्हाईत."

रेश्मानं कापूस घेतला. थेंब टाकताना तिनं मनगट खुर्चीला टेकवलं, आणि मायाच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही.