तारामतीचा शेक

औशात बाळंतीण घरी आली की पहिला निरोप तारामतीला जायचा. गोवऱ्यांची शेगडी, तव्यावर तापवलेली ओव्याची पुरचुंडी आणि तिचे हात, एवढ्यावर तिनं अर्धं गाव शेकून काढलं होतं. ती आत शेकत असायची तेव्हा हौशा उंबऱ्याबाहेर बसून राहायचा. नवरा गेल्यापासून घरात हे एक कुत्रंच उरलं होतं, आणि तिचं सगळं बोलणं त्याच्याशीच चालायचं.

उन्हाळ्यात हौशाच्या नाकातून रक्त आलं, तर घोळणा फुटला म्हणून तिनं कांदा फोडून हुंगायला दिला. दिवाळीच्या थंडीतही रक्त थांबेना, तेही एकाच नाकपुडीतून, आणि डोळ्याखाली सूज दिसायला लागली, तेव्हा कुठं तिनं रिक्षा करून लातूरचा जनावरांचा दवाखाना गाठला.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर दयानंदांनी सगळं सांगितलं. नाकात कॅन्सरची गाठ आहे, कापून ती पुरती निघत नाही. नुसत्या गोळ्यांवर दोन-तीन महिने. शेक दिले तर वर्षभर, नशीब असेल तर थोडं जास्त. पण शेक इथं होत नाहीत, फार लांब जावं लागतं. बाहेर जनावरं ताटकळली होती, डॉक्टर घाईत होते. तारामतीनं त्यातला एकच शब्द धरला आणि तिच्या जिवात जीव आला. शेकासाठी लांब कशाला जायचं? तिच्याहून चांगला शेक देणारं होतं तरी कोण?

सकाळ-संध्याकाळ शेक सुरू झाला. हौशा आधी मान काढून घ्यायचा, मग शहाण्यासारखं तोंड तिच्या मांडीवर टाकायचा. शेकल्यावर रक्त जास्त यायचं. आतली घाण निघायलीय, असं ती शेजारणीला सांगायची, आणि गाठ बसेल या आशेवर पुरचुंडी आणखी तापवायची. बाळंतिणींचे निरोप आले, ते तिनं परत पाठवले. आधी घरचं लेकरू.

पुन्हा लातूरला नेलं तेव्हा हौशाचा डोळा बाहेर आला होता. गोळ्या दिल्या, शेकही एकदा चुकवला नाही, असं तिनं उमेदीनं सांगितलं. डॉक्टरांनी नाकावरची भाजून केस गेलेली कातडी पाहिली आणि खुर्ची ओढून ते तिच्याजवळ बसले.

"मावशी, नीट सांगायला माझंच चुकलं. कॅन्सरचा शेक म्हणजे मशिनीचे किरण. निखाऱ्याचा शेक नव्हे."

"मग मशिनीकडं नेते की. कुठंबी सांगा."

गाठ हाड फोडून डोळ्यामागं गेली होती. आता किरणांचा उपयोग नव्हता, आणि तो प्रवास त्याला सोसलाही नसता. फार सोसेनासं झालं की इंजेक्शन देऊन सोडवू, असं डॉक्टर म्हणाले.

"माझ्या शेकानं त्याला लई दुखलं असंल का?"

शेकानं गाठ वाढली नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुखण्याचं मात्र त्यांना खोटं सांगवलं नाही.

संध्याकाळी तिनं शेगडी पेटवली नाही. रोजच्या वेळेला हौशा कण्हत उठला आणि त्यानं तोंड आणून तिच्या मांडीवर टाकलं. तारामती धाय मोकलून रडली. मग तिनं रांजणात हात बुडवले, पार गार होईपर्यंत तसेच ठेवले, आणि हलकेच त्याच्या नाकाकडं नेले.

हात टेकायच्या आधीच हौशानं अंग चोरलं.