तारीख सांगून येणारं भूत

"निघ! निघ म्हणतो ना मुकाट्यानं!"

झोम्बा शहरात लिंबिकानीच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओट्यावर टेबल, टेबलावर घरातला कॉम्प्युटर, आणि प्रॉफेट येरेमिया घसा फाडून त्यातल्या भुताला दम देत होते. प्रार्थना तासभर ताणली होती. मधूनमधून मनगटावरचं घड्याळ बघणं चालू होतं; देवदूतांनाही कचेरीची वेळ असावी. बरोबर चार वाजले आणि स्क्रीन काळी झाली, मग निळी. पांढरं चक्र गरगरायला लागलं, आकडे चढायला लागले.

"बघा लेकरांनो! सत्तावीस टक्के भूत बाहेर पडलं!"

गर्दी मोठमोठ्यानं आकडे म्हणू लागली. अठ्ठ्याण्णवला भूत जे अडून बसलं ते हलेचना. बायकांनी रडायला सुरुवात केली. शंभरला एकच जल्लोष झाला. तियामिकेनंही डोळे पुसले.

तिला तरी काय बोल लावायचा? लिंबिकानीची ही बायको घरबसल्या लोकांचे अर्ज नि प्रश्नपत्रिका टाइप करायची. सोमवारी भरलेला नेटपॅक मंगळवारी गायब! कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायचा, आपोआप चालू व्हायचा. टाइप केलेलं पाठवता येईना, कामं हातची जाऊ लागली. मग प्रॉफेट आले, दार लावून कॉम्प्युटरपाशी अर्धा तास एकटेच बसले, आणि बाहेर येऊन हा सगळा सोहळा केला. जाताना म्हणाले, "गेलं भूत. पण घरात चेटकीण असेल, तर चौदा मार्चला परत येईल बरं का!"

पाच आठवडे नेट टिकलं. चौदा मार्चला सकाळी भरलेला अख्खा पॅक दुपारच्या जेवणाचा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, शिजायच्या आधीच फस्त झाला.

सगळ्यांचे डोळे गोगोकडे वळले. सगळे तिला गोगो, म्हणजे आजी म्हणत. ती लिंबिकानीची मावशी, आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. रोज सकाळी ती फडक्यानं कॉम्प्युटर पुसायची आणि त्याला बजावायची, "आज नीट वाग रे बाबा, पोरीचं काम आहे." एवढा पुरावा लोकांना पुरला. प्रॉफेटांनी पुन्हा दार लावलं, पुन्हा बाहेर आले. "म्हातारी इथे राहिली, तर अठरा एप्रिलला भूत परत येणार!"

लिंबिकानीनं तिचं बोचकं अंगणात फेकलं. "पोरा, मी काय केलं रे?" ती विचारत राहिली. शेजाऱ्यांनी दगड उचलले. तियामिके दारात उभी होती. तिनं दार लावून घेतलं.

तीन दिवसांनी शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या म्बेवे मॅडम प्रश्नपत्रिका न्यायला आल्या.

"गोगो दिसत नाहीत?"

"इस्पितळात आहेत," तियामिके म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. हुंदके देत तिनं सगळं सांगितलं.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "लिंबिकानी, शेजाऱ्यांना बोलाव. दगड मारणाऱ्यांना आधी."

माणसं जमली. मॅडमनी कॉम्प्युटरवर एक पान उघडलं. "वाच मोठ्यानं."

लिंबिकानीनं वाचलं, "अपडेट थांबवले आहेत. अठरा एप्रिलपर्यंत." मॅडमनी त्या तारखेवर बोट ठेवलं.

"भुताची तारीख! दार लावून तुमच्या प्रॉफेटनं हे केलं. अरे, अपडेट म्हणजे कॉम्प्युटरच्या दुरुस्त्या. तो नेटवरून त्या आपणहून ओढून घेतो, त्यातच तुमचा पॅक संपतो. पाच आठवडे त्या थांबवता येतात, मुदत संपली की एकदम येतात. बसवायच्या वेळी कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो. ती वेळही ठरवता येते. त्यानं चारची ठरवली होती."

"पण मॅडम, देवाचा माणूस खोटं कशाला बोलेल?" एक शेजारी पुटपुटला.

"थांब, भूत बोलावते." त्यांनी अपडेट पुन्हा चालू करायचं बटण दाबलं. स्क्रीनवरची पट्टी सरकू लागली, सगळ्यांदेखत नेट उतरू लागलं. दोघंतिघं मागे सरकली. "आता घालवते, प्रार्थनेशिवाय." हे नेट मोजून मिळतं, असं त्यांनी सेटिंगमध्ये नोंदवलं. पट्टी जागच्या जागी थांबली. "आता तो परस्पर पॅक संपवणार नाही. पण दुरुस्त्या हव्यातच. नेट स्वस्त असेल त्या दिवशी तुम्ही ठरवून घ्या. झालं! एवढंच होतं रे हे!"

लिंबिकानी धावतच इस्पितळात गेला. गोगोनं त्याला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

प्रॉफेट तोवर दुसऱ्या गावी पोचले होते. तिथेही कुणाच्या तरी घरात दार लावून बसले असतील.

पेटी पुरण्याआधी घरच्या माणसानं उठून, गेलेलं माणूस कोणत्या आजारानं गेलं ते जमलेल्यांना सांगायचं असतं. लिंबिकानीला उठवेना. तियामिके उठली.

"गोगोला काही आजार नव्हता. ती चेटकीणही नव्हती. कॉम्प्युटरचं एक सेटिंग आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ते कुणाला विचारण्यापेक्षा म्हातारीला मारणं आम्हाला सोपं वाटलं. दगड तुम्ही मारलेत, दार मी लावलं. उद्या तुमच्या घरी कुणी आलं आणि म्हणालं, बाहेर थांबा, मी आत भूत काढतो, तर बाहेर थांबू नका. शेजारी बसा. तो काय करतो ते बघा. कळलं नाही तर जाणत्याला विचारा. आणि विचारायची लाज वाटली, तर या पेटीत कोण आहे ते आठवा."