पॉलिशचा डाग

मी एक जुना सुती रुमाल आहे. मित्रांनो, माझ्या सांगण्यात वैताग दिसला तर समजून घ्या. मला तोंड असतं तर मी दोन महिन्यांपूर्वीच बोललो असतो.

एका सुताराच्या विरलेल्या सदऱ्यातून त्याच्या बायकोने मला कापलं आणि चारी कडा दुमडून शिवल्या. तेव्हापासून मी त्याच्या खिशात. त्याचा घाम टिपला, डोळ्यात गेलेला भुसा काढला, पटाशी लागली तेव्हा बोटाला पट्टी म्हणून बांधला गेलो. "नव्या दहा रुमालांना ऐकायचा नाही हा," असं तो म्हणायचा आणि मी फुगायचो.

मग तो खोकू लागला. त्याच्या कारखान्यात खोकला कोणी मोजतच नाही. रंधा चालतो, भुसा उडतो, सगळेच खोकतात. "सुताराने खोकायचं नाही तर काय शिंप्याने?" असं म्हणून हसतात. एकाने गरम पाणी सुचवलं, दुसऱ्याने मध. सगळे उंटावरचे शहाणे. डॉक्टरचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. बाकीच्यांचा खोकला सुट्टीच्या दिवशी थांबायचा, याचा घरीही चालूच. संध्याकाळी अंग तापायचं, पट्टा दोन भोकं आत गेला. खिशात बसून मला हे कळत होतं.

एके दिवशी माझ्यावर लाल डाग उमटला. त्याने तो नीट पाहिला आणि मला घडी घालून ठेवून दिलं. बायकोने विचारलं तर म्हणाला, "पॉलिश लागलंय." त्यानंतर तो मला स्वतःच नळाखाली धुऊ लागला. जन्मात स्वतःचं ताट न विसळलेल्या माणसाचं घरात कौतुक झालं. मला संताप यायचा. दुखणं अंगावर काढणं वाईटच, हा तर ते धुऊन टाकत होता. वर पुटपुटायचा, "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

एका सकाळी तो मला सदऱ्यातच विसरला. बायकोने गार पाण्यात बुडवलं, तर डाग सुटू लागला आणि पाणी गुलाबी झालं. तिचा हात थांबला. पॉलिश स्पिरिटशिवाय निघत नाही, हे सुताराच्या बायकोला कोणी शिकवावं लागत नाही. मला तसाच पिळून तिने पिशवीत टाकलं आणि थेट कारखाना गाठला. "चला," एवढंच म्हणाली.

"खोकला किती दिवस आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"असेल आठ-दहा दिवस."

बायकोने मला टेबलावर ठेवलं. "दोन महिने झाले. आणि हे पॉलिश नाही."

"दोन आठवड्यांत खोकला गेला नाही की यायचं असतं," बाई म्हणाल्या. "रक्त दिसलं तर त्याच दिवशी."

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन दिवसांनी कळलं, क्षय आहे.

"औषधं नेमाने घेतलीत तर बरे व्हाल. घरात आणखी कोण असतं?"

"पाच वर्षांची लेक."

"ती खोकते का?"

"छे, नाही," सुतार म्हणाला.

"खोकते," बायको म्हणाली. "आठवडा झाला. बापाची नक्कल करते म्हणून आपण दोघंही हसत होतो."

"तिला उद्याच घेऊन येतो," सुतार म्हणाला.

मित्रांनो, उद्या लेकीची तपासणी आहे. मला जाळून टाकायला सांगितलंय आणि ते योग्यच आहे. जाण्याआधी एवढंच सांगतो. तुमच्या घरी कोणी आपला रुमाल गुपचूप धुताना दिसलं, तर कौतुक करू नका. तो हातातून घ्या, उलगडून बघा, आणि त्या माणसाला घेऊन डॉक्टरकडे निघा.