थाळीतली काळी बाधा

आमच्या गावात ग्रामसभेची गणपूर्ती आजवर एकदाही झालेली नाही, पण थाळीवाल्या महाराजांच्या शनिवारच्या दरबाराला मैदानात पाय ठेवायला जागा नसायची. मूर्तिजापूरकडून ऑटो भरभरून यायचे. दोघंतिघं मोबाइल उंच धरून सगळं लाइव्ह दाखवत असायचे, आणि नेटवर्क गेलं की महाराजही जरा थांबायचे.

शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांलगत मंडप होता. महाराज पन्नाशीचे, दाढी डाय केलेली. चिखलदऱ्याला बारा वर्षं तप केलं म्हणे. मी दर दोन वर्षांनी शाळेची सहल घेऊन चिखलदऱ्याला जातो. कणसं भाजणारे आणि सेल्फी काढणारे यांच्या त्या गर्दीत यांना तपाला जागा कुठे मिळाली, ते मला अजून कळलेलं नाही.

मी संघपाल. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्या दुपारी शाळा सुटल्यावर मी मंडपात गेलो तो आचलसाठी. आचल माझ्या दहावीच्या वर्गात. दोन महिन्यांपासून पोरगी कागदासारखी पांढरी पडत चालली होती. जिना चढली की धापा टाकायची, आणि गुरुवारी तर प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली. मी तिच्या आईला, शकुनताईंना, दवाखान्यात न्यायला सांगितलं. त्यांनी तिला इथे आणलं.

"बाधा हाय माय, जबर बाधा!" महाराजांनी डोळे फिरवले. "रगत पिऊन राहिली पोरीचं. पाहा आता, धुऊन काढतो."

त्यांनी आचलच्या दोन्ही तळहातांना विभूती चोळली. तिच्यासमोर स्टीलची थाळी ठेवली. थाळीत पिवळसर तीर्थ. आचलने हात बुडवले आणि पाणी बघता बघता काळं झालं, शाईसारखं काळंकुट्ट. गर्दीतून "आई गं!" निघालं. महाराजांनी एक लिंबू कपाळाला लावलं, काहीतरी पुटपुटले आणि थाळीत पिळलं. काळेपणा विरत गेला आणि पाणी पुन्हा होतं तसं पिवळसर.

"एक थर उतरला," महाराज म्हणाले. "असे सात हायेत. सात शनिवार या. तवर पोरीले लोखंडाचा विटाळ चालत नाई. लोखंडी तव्यावरची भाकर बंद, शाळेतली निळी गोळी बंद. गोळी खाल्ली का संडासले काळं होते का नाई?"

"होते जी," शकुनताई म्हणाल्या.

"तेच तं! बाधेचं खाद्य हाय ते. पोरीले फक्त साबुदाणा अन् बिनदुधाचा चाहा द्या."

मला राहवलं नाही. "महाराज, गोळीतलं सगळं लोह शरीरात जात नाही. उरलेलं बाहेर पडतं म्हणून काळं होतं. ही गोळी सरकारनं—"

"मास्तर, तुमी देव मानत नाई, तं तुमी बोलूच नका," मागून कोणीतरी ओरडलं. त्यानंतर माझं कोणी ऐकलं नाही. मी हात हलवत परत आलो. मला भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. सात शनिवार म्हणजे दीड महिना. साबुदाणा आणि चहावर ती पोरगी दीड महिना काढणार नव्हती.

आणि थाळी काळी कशी झाली, तेही मला ठाऊक नव्हतं. विज्ञानाचा मास्तर असून!

सोमवार हा आमच्या शाळेत निळ्या गोळीचा वार. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मुलींना मळमळायचं, म्हणून मुख्याध्यापिका ललिता मॅडमनी वर्षभरापूर्वी एक प्रेमळ सोय केली होती: गोळीबरोबर प्रत्येकीला दोन बिस्किटं आणि कपभर चहा. दूध परवडत नाही म्हणून बिनदुधाचाच. आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं. वऱ्हाडात आलेल्या माणसाला चहा न देणं म्हणजे भांडण काढण्यासारखंच, मग पोरींना का नको?

फळ्यावर मी जीवनसत्त्वं आणि खनिजांचा तक्ता लिहीत होतो. चौदा वर्षं हाच तक्ता लिहितोय. लोह: रक्तातलं हिमोग्लोबिन तयार करण्यासाठी, अभावाने पांडुरोग. मुलं घोकतात, दोन गुण घेतात आणि विसरतात. मागे प्रणाली गोळी गिळता येत नाही म्हणून ती खडूच्या डबीने फोडत होती. आचलची ही बाकावरची मैत्रीण, वर्गातली सगळ्यात तोंडाळ पोट्टी. फोडलेला तुकडा उडाला आणि चहात पडला.

"सर! सर, इकडं या ना! बाबाची थाळी!"

कपातला लालसर चहा काळा झाला होता.

"गोळीचा निळा रंग उतरला असेल," मी म्हणालो.

"मंग साल काढून टाकून पाहू ना," ती म्हणाली. आम्ही दुसऱ्या गोळीचं निळं साल खरवडून काढलं, आतली भुकटी चहात टाकली. पुन्हा काळं. डब्यातल्या लिंबाची फोड तिने पिळली. काळेपणा उतरला. वर्ग बाकांवर चढून बघत होता आणि मी तोंड उघडं टाकून उभा होतो.

लोह आणि चहातलं तुरट द्रव्य एकत्र आलं की ते एकमेकांना धरून बसतात आणि काळा रंग होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. पोटातही हेच होतं: धरून ठेवलेलं लोह रक्तात जातच नाही. लिंबाचा आंबटपणा ती पकड सोडवतो. म्हणजे आमची शाळा वर्षभर एका हाताने पोरींना लोह देत होती आणि दुसऱ्या हाताने ते चहात बुडवत होती.

मंगळवारी मी अकोल्याला जुन्या शहरात गेलो. मोर्णा नदीपलीकडच्या गल्लीत काष्ठौषधींच्या दुकानात हिराकस मागितलं. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार; विभूतीत तोच मिसळलेला असणार, असा माझा अंदाज होता. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "हिराकस दोघंच नेतात भाऊ. एक रंगारी, दुसरे महाराज. तुमी कोनते?"

"मी मास्तर."

"मंग हिरडाबी घेऊन जा. त्याच्या तुरट पाण्याबिगर थाळी काळी होत नाई."

पुढच्या शनिवारी, आमचं ठरलं होतं तसं, दरबारात पहिला नंबर प्रणालीने लावला. "बाबाजी, मले मळमळते, चक्कर येते," ती अशी काही कण्हली की क्षणभर मलाच काळजी वाटली. महाराजांनी तिच्या तळहातांना विभूती चोळली. थाळी पुढे सरकवली. प्रणालीने थाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. महाराजांच्या शेजारी त्यांचा स्वतःचा बिनदुधाचा चहा होता. तिने हात त्याच्यावर झटकला आणि बोटाने ढवळला.

चहा काळाठिक्कर पडला.

"अरे बापा!" प्रणाली किंचाळली. "बाबाजी, तुमच्या चाहाले बाधा झाली!"

मग मागे एक म्हातारी खुदकन हसली, आणि मैदान फुटलंच. प्रणालीने खिशातून लिंबू काढून कपात पिळलं. "पाहा, उतरली! मीबी महाराज झाली!" मोबाइलवाले अजून लाइव्हच होते. मी पुढे होऊन साध्या पाण्याच्या थाळीत तिचे हात बुडवले. पाणी राखेने गढूळ झालं, काळं नाही. पिशवीतलं हिराकस आणि हिरडा काढून चार जणांच्या हाताने थाळ्या काळ्या करून दाखवल्या.

"कलियुग हाय, कलियुग," असं म्हणत महाराज लघुशंकेला म्हणून जे उठले, ते रूळ ओलांडून ऑटोत बसतानाच दिसले. पोलिसांत तक्रार दिली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो असल्याच पाहुण्यांसाठी आहे.

गर्दी हसत हसत पांगली. शकुनताई हसल्या नाहीत. आचल त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती.

"मंग माह्या पोरीतून निंगालं ते काय होतं, सर?"

"काहीच निघालं नाही, ताई. तिच्यात काही शिरलंच नव्हतं. तिच्यात कमी आहे. काढायचं काही नाही, घालायचं आहे."

"तुमी गोळी तं वर्षभर देतच होते ना? मंग कमी काहून झालं?"

हा प्रश्न टाळता आला असता. पण मी शाळेच्या चहाची गोष्ट सांगितली, सगळी.

त्यांनी खांद्यावरचं आचलचं डोकं सावरलं. "म्हंजे त्यानंबी चाहाच पाजला अन् तुमीबी. मंग तुमच्यात अन् त्याच्यात फरक काय?"

मला लाज वाटली. "आम्हाला आमची चूक एका पोरीनं दाखवली," मी म्हणालो, "आणि त्याच दिवशी आम्ही चहा बंद केला. एवढाच फरक आहे."

शकुनताईंनी पदर खोचला. "गाडी पाहा सर. अकोल्याले जाऊ."

सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन बाराच्या जागी सहाच्या आत निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन आठवडे उशीर झाला असता तर हृदयाने दगा दिला असता. पोटात जंत होते, पाळीत रक्त फार जात होतं, आणि हे सगळं शकुनताईंना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. रक्त चढवलं, औषध सुरू झालं. तीन महिन्यांनी आकडा दहाच्या वर गेला.

आता आमच्या शाळेत गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर मिळते. घरी डाळ, पालक, चवळीची भाजी यांवर लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या, एवढंच आम्ही पालकांना सांगतो. यात काही चमत्कार नाही, म्हणून याला गर्दी होत नाही.

पण माझं एक मागणं आहे. कोणी तुमच्या लेकराच्या आजाराचं कारण सांगितलं, मग तो महाराज असो की मास्तर, की पांढऱ्या कोटातला कोणी, तर त्याला विचारा: हे कशावरून? मला करून पाहू द्याल का? जो रागावेल त्याच्या दारातून उठा. आणि जो "हो, पाहा" म्हणेल, त्याचंही लगेच मानू नका. आधी करून पाहा. आम्ही चांगली माणसं होतो, पोरींवर आमचा जीव होता, आणि तरी वर्षभर आम्ही चुकत होतो.